नक्षीची चवळी

निरोगी म्हणून ठेवलेले दोन्ही खळगे पिवळे झाले, तेव्हा संजीवनीला वाटलं, आपला हात चुकला. प्लास्टिकची पारदर्शक ताटली, तिच्यात ओळीनं खळगे, प्रत्येक खळग्यात एकेका रोपाच्या पानांचा रस. शेवटचं औषध घालून थोडं थांबायचं. ज्या रसात विषाणू असेल तो खळगा हळदीसारखा पिवळा होतो, नसेल तो पाण्यासारखा राहतो. अंबरनाथच्या एमआयडीसीतली ही खाजगी लॅब. बियाण्याच्या कंपन्या इथं मूग, उडीद, चवळी, घेवडा पाठवतात आणि विचारतात, या दाण्यांतून रोग पुढच्या पिकात जाईल का. मग बी पेरायचं, रोपं उगवून आणायची, पानं वाटायची, ताटलीत घालायची. प्रत्येक ताटलीचा एक कोपरा मात्र ठरलेल्या पाहुण्यांचा: एक पक्का रोगी, एक पक्का निरोगी, दोघांना दोन-दोन खळगे. रोगी पिवळा व्हायला हवा, निरोगी कोरा राहायला हवा, तरच मधल्यांबद्दल काही बोलता येतं. आज रोगी पिवळा आणि निरोगीही पिवळा. मधले सगळे, कंपनीच्या चवळीचे, कोरे. वर्गात हाताची घडी घालून बसलेल्या मुलांसारखे.

"संजू," शेजारच्या टेबलावरून किर्ती म्हणाली, "तुझ्या निरोग्याला कावीळ झाली बघ."

किर्ती हे असंच बोलते आणि बोलताना ताटली उजेडाकडे धरते. दोघी एकाच वर्षी लागल्या इथं. "कुठलं बी लावलं होतंस?"

"घरचं."

घरचं, असं ती म्हणाली. जसं घरचं तूप म्हणतात, घरचं लोणचं म्हणतात, म्हणजे पुढं काही विचारायचं नसतं. निरोगी चवळीचा लॅबमधला साठा संपला होता, नवा यायचा होता, आणि संजीवनीनं बदलापूरच्या आपल्या स्वयंपाकघरातली डब्यातली मूठभर आईची चवळी आणून मागच्या जाळीघरात पेरली होती. तिला शंका आली नव्हती. शंका यायला आधी विचार करावा लागतो. आणि आईच्या चवळीबद्दल विचार कोण करतं? ती असते. पायाखाली जमीन असते तशी.

पुन्हा ताजी पानं, पुन्हा नवी ताटली. या वेळी रस किर्तीनं स्वतः घातला, नवे हातमोजे घालून, तोंडानं काही न बोलता, आणि किर्ती न बोलता काम करते तेव्हा ते फार गंभीर दिसतं. पुन्हा पिवळे. उलट जरा जास्तच. "कुणाचं घरचं गं?" किर्तीनं हळूच विचारलं, आणि संजीवनी मागच्या दारानं जाळीघरात गेली.

ती रोपांसमोर उकिडवी बसली. (उकिडवी बसायची तिला सवय नाही, आईला आहे.) पानांवर शिरांच्या कडेकडेनं गडद हिरवा, मधे फिकट पिवळट, कडा किंचित वर वळलेल्या. पिवळ्यावर हिरव्या दोऱ्यानं भरतकाम केल्यासारखं. हे पान तिनं लोकांच्या रोपांवर किती वेळा पाहिलं होतं, आणि दर वेळी रिपोर्टात एकच वाक्य लिहिलं होतं: मोझॅक, शिरांलगत गडद पट्टे, पान आखडलेले. हात आपोआप लिहितो. आणि हेच पान रोज सकाळी बदलापूरला गॅलरीत ती पाणी घालताना बघत होती, नवऱ्याच्या टॉवेलाशेजारी, लग्नानंतर सगळी वर्षं, आणि तिथं हात काही लिहीत नव्हता. तिथं त्याला वेगळा शब्द होता. नक्षी.

माहेरी, जांभूळ गावात, पाण्याच्या प्लांटमागे क्वार्टर्सच्या पलीकडे एक पट्टी होती, कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांची. वडील हिंदुराव प्लांटवर पंप बघायचे. आई वेणूबाई त्या पट्टीत चवळी लावायची. रोपं बोटभर झाली की विरळणी. आई पुढं, संजीवनी मागं, धाकटी बहीण तेजल तेव्हा पाळण्यात. आई पानाखाली बोट घालून पान जरा वर उचलायची, लहान मुलाची हनुवटी उचलावी तसं, आणि म्हणायची, ही आपली. ही आपली. ही पण. मग एखाद्या रोपाशी थांबायची, त्याचं पान एकसारखं हिरवं, गुळगुळीत, कसली खूण नाही. ही कुणाची कोण? आणि उपटून बांधावर. साधी रोपं म्हणजे परकी. बाजारचा दाणा मिसळला असेल, पाखरानं आणून टाकला असेल. बी धरायचं ते फक्त नक्षीच्या वेलांचं, त्यातही जिची नक्षी उठून दिसते तिचं. आईची आई कौसाबाई, देशावरून इकडं येताना पदराच्या गाठीत चवळी बांधून आली होती, तिनं वेणूबाईच्या पदरात बांधली, वेणूबाईनं संजीवनीच्या. मुलगी सासरी निघाली की ही गाठ. आणि गाठीबरोबर सांगणं: साधी उगवली तर ठेवू नको, ती आपली न्हाई. लहानपणी साधं रोप आधी संजीवनीनं ओळखलं की आई म्हणायची, डोळा आला पोरीला. त्या एका वाक्यासाठी ती अख्खी पट्टी पालथी घालायची. बांधावर हिरव्यागार रोपांचा ढीग वाळत पडलेला असायचा, आणि तिला अभिमान वाटायचा. आता जाळीघरात बसून तिला तो ढीग दिसला. हिरवा. निरोगी.

कारण रोगी वेलाचे सगळे दाणे रोगी नसतात. काहींच्या कोंबात विषाणू शिरतो, काहींच्या नाही. नाही शिरला ते साधे, स्वच्छ उगवतात. आपापलं सोडून दिलं असतं तर कदाचित एखाद्या वर्षी साध्यांनी बाजी मारली असती. पण सोडून दिलं नव्हतं. निवडलं होतं. आजीनं निवडलं, आईनं निवडलं, मीही निवडलं, डोळा आला म्हणून शाबासकी घेऊन. आणि इथं तिला हसू फुटलं, नाकातून, घोरल्यासारखं, एकदाच. ते हसूही आईचं होतं. ती दचकली. हे कधीपासून? रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचणं आईचं. पाहुण्याचं पोर बघितलं की 'वाळलंय गं' म्हणणं आईचं. फोन ठेवताना ठेवते, ठेवते म्हणत आणखी एक विषय काढणं. पुष्कर, तिचा नवरा, एकदा म्हणाला होता, तुमच्या लॅबमध्ये माणसाची टेस्ट होत नाही का, तुझ्यात तुझी आई किती आहे ते तरी कळेल. तेव्हा ती त्याच्यावर हसली होती. नाकातून.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, वैशाख दोन महिन्यांवर आला नसता तर. वैशाखात तेजलचं लग्न. सासर बारवी धरणाच्या पलीकडे, घरची मोठी शेती, भात निघालं की चवळी आणि वाल, आणि त्यांचं बी आजूबाजूची चार गावं नेतात. वेणूबाई सोयरिकीवर खूश होती ती यामुळेच. संजेला दिली ती बिचारी बादलीत लावते, तेजूला जमीन मिळाली. तिनं दाणे निवडायला केव्हाच घेतले होते. पदरातली एक गाठ तिकडं सुटेल, एक ओळ पेरली जाईल, मग मावा येईल, तो बारीक काळा किडा, या वेलाचा रस पिऊन त्या वेलावर बसेल, आणि आपली नक्षी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे थांबवायला एक वाक्य पुरे होतं. आई, तुझी चवळी रोगी आहे. संजीवनीनं ते वाक्य रिक्षात बोलून पाहिलं, कुकरची शिट्टी मोजताना बोलून पाहिलं, पुष्करला बोलून दाखवलं. पुष्कर म्हणाला, बरोबर आहे पण ऐकायला घाण वाटतं. रोगी हा शब्द बदलून बघितला. बाधित. मग आई विचारणार, म्हणजे? म्हणजे रोगी.

पुढच्या रविवारी उल्हासनगर. कॅम्प दोनच्या साड्यांच्या दुकानात गादीवर तिघी, समोर साड्यांचा डोंगर, आणि दुकानदार, सिंधी, गोरा, घामेजलेला, प्रत्येक साडी हवेत उडवून मांडीवर झेलणारा. "मौसी, घेऊ नका. नुसतं बघा. बघण्यासाठीच बसलोय मी."

"ही फार साधी," वेणूबाई म्हणाली.

"मौसी, साधी नाय, सोबर आहे. आजकल की लडकियाँ सोबरच मागतात."

"मग त्यांच्या लग्नात दे. मला भरलेली दाव."

तेजल संजीवनीच्या कानात म्हणाली, "ताई, आईला सांग, मी नवरी आहे, ताजिया नाही." आणि आईनं ऐकलं, कारण आई ऐकतेच, आणि म्हणाली, साधं नेसून जायला तू काय नोकरीच्या इंटरव्ह्यूला चाललीस? दुकानदार हसला. त्यानं वेलबुट्टीची एक काढली, हिरव्यावर पिवळ्या नक्षीची, गच्च, आणि वेणूबाईनं पदर बोटावर घेऊन असा जरा वर उचलला, हनुवटी उचलावी तसा. "ही आपली," ती म्हणाली. संजीवनीला एकदम ताटलीतले ते दोन खळगे आठवले, पिवळेधमक. तिला कळलं की आता सांगायलाच हवं, दुकानात नाही पण बाहेर पडल्यावर लगेच, पुढची वस्तू घ्यायच्या आत.

बाहेर दाल-पकवानची गाडी. तिघी बाकड्यावर. वेणूबाई कुरकुरीत पकवान मोडून डाळीत बुडवत होती, गुडघ्यावर साडीची पिशवी धरून.

"आई, तेजूच्या पदरात चवळी नको बांधूस."

"का? तिकडचं कुणी काय बोललं?"

"नाही. मी म्हणते."

"तू कोण?"

"लॅबवाली," तेजल म्हणाली. "दुसरी कोण."

"आपल्या चवळीत रोग आहे, आई. मी बघितला. दोनदा बघितला."

"कीड न्हाई लागत तिला. राखेत ठेवते मी."

"कीड नाही. विषाणू. दाण्याच्या आत असतो, कोंबात."

"मग मिठाच्या पाण्यात धुऊ."

"आत असतो गं. धुऊन नाही जात."

"ऊन देऊ."

"उन्हानंही नाही."

गाडीवाल्यानं विचारलं, मौसी, दाल और देऊ? दे, वेणूबाई म्हणाली, आणि तो वाढून गेल्यावर, "आम्ही जन्मभर खातो की. तुझा बाप बघ, कसा ठणठणीत हाय."

"माणसाला काही होत नाही. वेलाला होतं. शेंगा कमी धरतात. आणि तेजूच्या सासरी सगळ्या शेतात पसरेल."

"तुलाबी तीच दिली. तुझ्या संसारात काय बिघडलं?"

"भावजींना विचारावं लागेल," तेजल म्हणाली, पण कुणी हसलं नाही म्हणून तिनं पकवान तोंडात घातलं.

वेणूबाईनं पिशवी जवळ ओढली. मग डाळीकडे बघत म्हणाली, "म्हंजे माझ्या आईनं मला रोग बांधून दिला, असं म्हणायचं तुला."

संजीवनीनं सगळ्या वाक्यांची तयारी केली होती, या वाक्याची नव्हती. समोरून टेम्पो गेला, त्यात खुर्च्यांची उतरंड, वर एक माणूस खुर्चीवरच बसलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. कौसाबाईचा चेहरा आठवायचा तिनं प्रयत्न केला आणि आठवली फक्त गाठ. पदराचं टोक, दातांनी घट्ट ओढलेलं.

"तिला तरी कुठं माहीत होतं," ती म्हणाली.

"पर दिला."

"दिला."

हे बोलून झाल्यावर आकाश कोसळलं नाही. वेणूबाईनं डाळ ढवळली. तिच्या कपाळावर दोन आठ्या आल्या, हिशेब लागत नसला की येतात त्या. "सगळ्या दाण्यांत हाय?"

"नाही. काहींत असतो, काहींत नसतो."

"दाणा बघून कळतं?"

"नाही कळत."

"मग कवा कळतं?"

"उगवल्यावर. पानावर."

"पानावर काय दिसतं?"

संजीवनीची नजर पिशवीवर गेली. वेणूबाईनं तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मांडीवरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या हिरव्या-पिवळ्या काठाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "नक्षी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "म्हंजे मी ज्या उपटते—"

"त्या बऱ्या."

पकवानाचा तुकडा वेणूबाईच्या हातात तसाच राहिला. मग नाकातून तो आवाज आला, एकदा, मग पुन्हा, मग डाळ ठसक्यात अडकली, तेजल पाठ थोपटायला लागली, गाडीवाला पाणी घेऊन धावला, आणि वेणूबाई डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत, खोकत, हसत म्हणाली, "येड्या गं आम्ही. चांगल्या पोरी बांधावर टाकल्या, नि आजारी पोरीला वरसावरसाला ताट वाढलं."

"आजी असती तर काय म्हणाली असती?" तेजलनं विचारलं.

"म्हणाली असती, वेणे, तूच पेरताना घोटाळा केला असशील." मग जरा शांत झाल्यावर, कुणाला सांगतेय ते न कळता, "पर दिसायला चांगली व्हती."

"चांगलीच होती," संजीवनी म्हणाली. खरंच होती. तिचं हे म्हणणं लॅबच्या कुठल्याच कागदावर लिहिता आलं नसतं.

बी टाकून द्यायचं का? तेजलचं म्हणणं, टाका, मी त्यांच्याकडची खाईन. वेणूबाईनं तिच्याकडे असं बघितलं की तेजलनं लगेच विषय बदलला. टाकायचं नव्हतं. निवडायचं होतं, यावेळी उलटं. किर्तीनं लॅबच्या सरांना पटवलं. सरांना काय सांगितलं ते तिनं कधीच सांगितलं नाही, फक्त म्हणाली, टेन्शन नको घेऊ, मावशींना घेऊन ये, जाळीघराचा मागचा कोपरा तुमचा. जाळी इतकी बारीक की मावा आत येत नाही. वेणूबाई आली ती डबा घेऊन, डब्यात सगळी चवळी, आणि किर्तीसाठी थालीपीठ, आणि आल्याआल्या तिनं दारावरची पाटी मोठ्यानं वाचली. पेरलं. उगवलं. पानं फुटली तशी नक्षीची मधे मधे साधी दिसायला लागली, जशी दर वर्षी दिसत आली होती.

विरळणीला वेणूबाई उकिडवी बसली. हात पुढं झाला आणि सरळ साध्या रोपाकडे गेला. संजीवनीनं अडवलं नाही. बोटं देठाशी टेकली. थांबली. "हात ऐकत न्हाई," वेणूबाई म्हणाली, जणू हात शेजारणीचा आहे. दुसऱ्यांदाही तसंच. तेव्हा तिनं उजवा हात पदराखाली घेऊन मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं सुरुवात केली. डाव्याला काही शिकवलेलं नव्हतं. डावा हात अडखळत, मुळाशी माती सांडत, एकेक नक्षीचं रोप उपटत चालला. फक्त एका रोपाशी, ज्याची नक्षी इतकी रेखीव होती की किर्तीसुद्धा वाकून बघायला आली, तिनं पान उचललं, क्षणभर धरलं, आणि मग काढलं. उपटलेली सगळी तिनं पिशवीत भरली. फेकायची कशाला, कोवळा पाला आहे, कांदा घालून परतू. परतली. हिंदुरावांनी दोनदा मागून घेतली.

राहिलेल्यांची पानं ताटलीत. दिसायला साधी असली तरी एखादीच्या आत असतो, हे संजीवनीनं सांगितलं तेव्हा वेणूबाई म्हणाली, व्हय, माणसातबी असत्यात तशी. आणि टेबलापाशी खुर्ची ओढून बसली, ताटलीवर डोळे लावून, दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तशी. रोगी पाहुणा पिवळा झाला. नवा निरोगी, या वेळी साठ्यातला, कोरा. आणि वेणूबाईच्या ओळीतले खळगे, एक पिवळा सोडला (त्याचं रोप नंतर उपटलं) तर, कोरेच.

"काहीच होईना की," ती म्हणाली.

"काही होत नाही तेच चांगलं, मावशी," किर्ती म्हणाली.

वेणूबाईला हे पटायला वेळ लागला. ती पुन्हा पुन्हा वाकून बघत राहिली. आयुष्यभर तिनं खूण असलेलं ओळखलं होतं. खूण नसलेल्याकडे कसं बघायचं, हे डोळ्यांना नव्यानं शिकायचं होतं. संजीवनी तिच्यामागे उभी होती, आणि त्या वाकलेल्या मानेकडे बघताना तिला वाटलं, आपल्यात जे जे हिचं आलंय ते सगळं असं ताटलीत घालून बसलो तर काय काय पिवळं होईल. आणि झालं तर झालं, सगळंच काही उपटायचं नसतं.

लग्न लागलं तेव्हा वेल फुलावर होते, दाणे तयार व्हायला अवकाश होता. आदल्या दिवशी वेणूबाई गाठीसाठी पदर हातात घेऊन बसली. दुसरं काही बांधा, गहू बांधा, सुपारी बांधा, असं चार बायकांनी सुचवलं. तिनं काही बांधलं नाही. रिकाम्याच पदराला गाठ मारली, दातांनी घट्ट ओढली, आणि तेजलला म्हणाली, सोडू नको, जागा धरून ठेव. बारवीच्या पलीकडे तेजलच्या सासूनं विचारलं, यात काय गं? तेजल म्हणाली, "मागून येतंय. तपासणीत आहे." सासूनं हे सगळ्या गावाला सांगितलं म्हणे, आणि गाव आता वाट बघतंय.

ज्येष्ठात शेंगा भरल्या. वेणूबाई आणि हिंदुराव रविवारी जाळीघरात आले. संजीवनीनं वेलांना बांधलेल्या दोऱ्या आईच्याच अंदाजानं बांधल्या होत्या, कमरेच्या जरा वर, जांभूळला असायच्या तशा. वेल त्या दोऱ्या केव्हाच सोडून वर गेले होते. छताच्या जाळीला टेकले होते, तिथून वळून जागा शोधत होते, आणि शेंगा पार वरपासून लोंबत होत्या, टंच, हातभर. पान सगळं एकसारखं हिरवं. घरात आजवर कुणीच या साध्या वेलाला बोटभर उंचीच्या पुढं जाऊ दिलं नव्हतं. पुढं तो काय करतो, हे कौसाबाईलाही माहीत नव्हतं.

वेणूबाई मान मागं टाकून बघत राहिली. एक हात कमरेवर, एक कपाळावर.

"आहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्यात एवढं उंच कोण हाय? कुणावर गेली ही?"

हिंदुरावांनी वर बघितलं, विचार केला आणि म्हणाले, "माझ्यावर न्हाई." मग ते स्टूल आणायला गेले.